पावतीवरचा नंबर बघितला का?

रमजानचा चांद दिसला की राजापूरच्या एस.टी. स्टँडवर पावतीबुकं घेतलेली माणसं उतरू लागतात. कुणी दूरच्या मदरशाचे सफीर, कुणी मुंबईतल्या ट्रस्टचे. तरावीह सुटली की दारावर थाप. दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एकाला जकातीची रक्कम दिली. पावती रंगीत, वर यतीम मुलांचे फोटो. ईदनंतर मुलांची चौकशी करावी म्हणून पावतीवरचा नंबर लावला तर तो बंद. आमची जकात अदा झाली की नाही, हा प्रश्न अजून मनातून जात नाही.

घरातले म्हणतात, देऊन टाक, विचारलं तर बरं दिसत नाही. पण हिशोब विचारणं म्हणजे बदगुमानी नव्हे. बनू सुलैमची जकात गोळा करून आलेले इब्ने लुतबिय्या म्हणाले, हे तुमचं आणि हे मला भेट मिळालेलं. तेव्हा हुजूर (स.) यांनी मिंबरवरून त्याबद्दल कडक समज दिली. सहाबींना हिशोब विचारला गेला, मग पावतीबुकवाल्याला विचारायला संकोच कसला?

महाराष्ट्रातला सार्वजनिक ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, वक्फ असेल तर वक्फ मंडळाकडे. तो क्रमांक पावतीवर हवा. अर्थात नंबर कुणीही छापेल, म्हणून मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशोबही मागावा. त्यात पगाराचा खर्च दिसला तर दचकू नये, शिकवणाऱ्यालाही पोट आहे. 80जी नसलं म्हणूनही संस्था खोटी ठरत नाही. एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला ती सवलत सहसा मिळतच नाही.

आमच्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न एकच: जकातीचं खातं वेगळं आहे का? बहुतेक उलेमांच्या मते जकात हकदाराच्या मालकीची व्हायला हवी, इमारतीच्या सिमेंटला ती चालत नाही. इमारतीसाठी सदका द्यावा. जो माणूस हा फरक न अडखळता सांगतो, त्याच्याकडे हिशोबही बहुधा असतो.

आणि आपण कोकणी शाफई. जिथली जकात तिथल्या हकदारांना आधी, हे आपल्या मसलकात ठळक आहे. जवाहर चौकात पावसाळ्यात पुराचं पाणी शिरतं, तेव्हा कुणाचं दुकान बुडालं आणि कोण कर्जात गेलं, हे आपल्याला ठाऊक असतं. तिथे ना पावती लागते ना ऑडिट.

आखातातल्या भावांसाठी एक गोष्ट. पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी धरली जात नाही. ज्या मामूंनी इंग्लंड-अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे मात्र परदेशी ठरतात, आणि केंद्राची परवानगी नसलेल्या संस्थेने ते घेणं गुन्हा आहे. मामूंचा फोन आला की एवढं सांगून ठेवा, गावच्या जमातवाल्यांनाही.