नावात जपलेले भांडार

जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनभद्रसूरी ज्ञानभांडारात ताडपत्रांवरील पोथ्या शतकानुशतके सुरक्षित राहिल्या. मात्र सुरक्षित असणे आणि वेळेवर हाती लागणे या दोन भिन्न गोष्टी होत. मुनी पुण्यविजयजींनी त्या पोथ्या तपासून, क्रम लावून त्यांची सूची सिद्ध केली, तेव्हा अभ्यासकांची वाट सुकर झाली. प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ १९४४ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रकाशित केला. त्यात जैन ग्रंथांची नावे वर्णानुक्रमे एकत्र आली.

आज आपल्या घराघरांतील तरुण ज्या भांडारात काम करतात, ते संगणकाच्या आज्ञावलींचे आहे. २००८ साली सुरू झालेल्या ‘गिटहब’वर जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम ठेवतात. ‘लिनक्स’ या एकाच प्रणालीच्या भांडारात ७०,००० हून अधिक फाइली आहेत. एकेक फोल्डर उघडून त्यांत शोध घेऊ म्हटल्यास दिवस मावळेल.

यावर तेथे एक सोपा उपाय आहे. भांडाराचे पान उघडे असता कळफलकावरील ‘टी’ हे इंग्रजी अक्षर दाबावे. फाइल शोधण्याची चौकट पुढे येते. पूर्ण नाव स्मरणात असण्याची आवश्यकता नाही. ‘लोन इंटरेस्ट’ अशा नावाच्या फाइलीसाठी दोन्ही शब्दांची आरंभीची दोन-तीन अक्षरे लिहिली तरी पुरे. मधली अक्षरे गळली तरी चालते. क्रम तेवढा चुकू नये. जुळणारी नावे क्षणात समोर येतात.

मात्र या सोयीला मर्यादा आहेत. हा शोध फाइलीचे नाव आणि तिचा मार्ग एवढेच पाहतो, आतील मजकूर पाहत नाही. शिवाय भांडाराची जी शाखा उघडी असेल, तीतच तो फिरतो. समजा, एखाद्या पतपेढीच्या व्याजगणनेची फाइल कोणी ‘नवी दोन’ या नावाने ठेवली आणि तो नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेला तरुण ‘व्याज’ शोधतो, त्याला जुनीच प्रत सापडते आणि तो तीच दुरुस्त करतो. ठेवीदारांच्या खात्यांत चुकीचे व्याज पडतच राहते. दोष शोधयंत्राचा नव्हे, नाव देणाऱ्याचा.

ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला आपण पोथ्यांवरील धूळ झटकतो, त्यांची वेष्टने बदलतो. त्या दिवशी घरातील तरुणांनी आपल्या फाइलींच्या नावांवरूनही एकवार नजर फिरवावी. आपल्यामागून येणाऱ्या अपरिचिताला हवे ते चटकन सापडावे, एवढी काळजी वाहणे हीदेखील ज्ञानाची सेवाच होय.