खेळ कोणाच्या मालकीचा?

ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोच्या जोड्या एक 'कोयता' म्हणून मोजल्या जाऊन कारखान्यांकडे रवाना होतात, तेथे संगणकावरील गोळीबाराच्या खेळाची चर्चा कशाला, असा सवाल काही कार्यकर्ते करतात. सवाल प्रामाणिक आहे, पण उथळ आहे.

प्रश्न खेळाचा नसून मालकीचा आहे. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील 'इड सॉफ्टवेअर'ने 'डूम' हा खेळ काढला, तेव्हा खेळ चालविणारा प्रोग्रॅम वेगळा ठेवला आणि नकाशे, चित्रे, आवाज 'वॅड' नावाच्या फाईलमध्ये वेगळे ठेवले. 'मॉड' बसविणे म्हणजे एवढेच की, कोणीतरी घरी बसून रचलेली दुसरी वॅड फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि खेळ सुरू करताना तिचे नाव सांगायचे. मूळ फाईलला धक्का लागत नाही. नवी काढली की जुना खेळ जसाच्या तसा. १९९७ मध्ये प्रोग्रॅमची मूळ संहिता जगासाठी खुली झाली. १९९९ मध्ये ती जनरल पब्लिक लायसन्सखाली आली. यात कंपनीचे दानशूरपण शोधू नये. मूळ नकाशे व चित्रे यांवरील हक्क तिने सोडला नाही. ती उणीव 'फ्रीडूम' प्रकल्पातील स्वयंसेवकांनी स्वतःच्या मेहनतीने भरून काढली.

गेवराई-माजलगावच्या कापूस उत्पादकाला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने त्याला दिला. पण २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कापसाचे संकरित वाण राखून पेरले तर पहिल्यासारखे उगवत नाही. दर मृगाला पाकीट विकतच! मोबाईलवरील आजचे बहुतेक खेळ या पाकिटाच्या जातीचे आहेत. २०२० मध्ये सरकारने 'पबजी'वर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण सर्व्हर बंद होताच खेळणाऱ्याच्या हाती काहीही उरले नाही.

मॉडचे गोडवे गातानाही डोळे उघडे ठेवावेत. 'हाफ-लाइफ' या खेळावर दोन तरुणांनी १९९९ मध्ये रचलेला 'काउंटर-स्ट्राइक' पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने विकत घेतला. त्या दोघांना नोकरी मिळाली. फुकट खेळून चुका दाखविणाऱ्यांचे श्रम कोणाच्याच हिशेबात आले नाहीत. मुकादमाच्या वहीत निदान कोयत्याची नोंद तरी असते.

राहिला हिंसेचा आक्षेप. १९९६ मध्ये अमेरिकेत न्याहारीच्या खोक्यांतून 'चेक्स क्वेस्ट' हा खेळ वाटला गेला. यंत्रणा डूमचीच, पण त्यात शत्रूला ठार करीत नाहीत, त्याच्या मुलखात परत धाडतात. जाहिरातीसाठी व्यापाऱ्याला जे सुचले, ते चळवळीला सुचू नये काय? डूमला भंगारात निघालेला संगणकही पुरतो. आष्टी-पाटोद्याकडील ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत असा एकेक संगणक मागावा, आणि त्यावर मुलांना फडाचा, अड्ड्याचा, कोप्यांचा नकाशा रचू द्यावा. शिकविणारा मिळत नाही ही सबब पुढे येईलच. ती देणाऱ्याने कोणाला विचारून पाहिले, हे आधी विचारावे.