चिठ्ठी उचलणाऱ्या हातांना चिठ्ठीचे शास्त्र हवे

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत सिन्नरला असो की निफाडला, तिचा प्रघात एकच आहे. गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या सारख्या घड्या घालून एका भांड्यात टाकल्या जातात आणि शाळेत जाणाऱ्या एखाद्या लहान मुलाला किंवा मुलीला पुढे बोलावून चिठ्ठी काढण्यास सांगितले जाते. निवडणुकीत दोन उमेदवारांना समसमान मते पडली तरी निकालासाठी पुष्कळदा मुलाचाच हात शोधला जातो. त्या हाताला कोणाचा पक्ष नाही, कोणाची जात नाही, कोणाचे हितसंबंध नाहीत, असा सर्वांचा विश्वास असतो. पण ज्या मुलाच्या हाताला समाज एवढा मान देतो त्या मुलाला, चिठ्ठीमुळे निर्णय निःपक्षपाती का होतो आणि त्याच युक्तीने एखाद्या दाव्याचा खरेखोटेपणा कसा पडताळता येतो, हे शाळेत कोणी शिकवीत नाही. चिठ्ठ्या टाकून करावयाचे साधे तुलनात्मक प्रयोग प्राथमिक शाळेतच मुलांच्या हाती दिले पाहिजेत. ही मागणी वरवर किरकोळ वाटली तरी श्रमिकांच्या दैनंदिन हिताशी तिचा निकटचा संबंध आहे.

सिन्नरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचेच उदाहरण घ्यावे. २०२३ साली आलेली एक रुपयातील पीक विमा योजना २०२५ साली राज्य सरकारने गुंडाळली आणि नुकसानभरपाईचा मुख्य आधार म्हणून पीक कापणी प्रयोग उरले. काही पिकांसाठी त्यांना उपग्रहावरून काढलेल्या अंदाजाची जोड दिली जाते, एवढेच. महसूल मंडळातील मोजक्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापावयाचे, मळावयाचे, तोलावयाचे आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न ठरवावयाचे, अशी ही रीत आहे. शेत कोणाचे आणि त्या शेतातील तुकडा कोणता, हे यदृच्छ आकड्यांनी ठरले पाहिजे, असा नियम आहे. कारण उघड आहे. विहिरीजवळचे हिरवेगार शेत निवडले तर शेकडो कुटुंबांची भरपाई बुडेल. माळावरचे करपलेले शेत निवडले तर विमा कंपनी तक्रार करील. बाजरी-सोयाबीनच्या एका तुकड्यावर मंडळाचे भवितव्य तोलले जात असताना, तो तुकडा कसा निवडला असे विचारण्याचे ज्ञान गावात कितीजणांकडे आहे?

खेदाची गोष्ट अशी की, हे शास्त्र परके नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनी यदृच्छ निवडीने पीक उत्पन्न मोजण्याची पद्धत भारतीय शेतीत रुजविली. शेतीच्या प्रयोगांतील संख्याशास्त्रावर या दोघांनी लिहिलेला ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला आणि शेतकी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेली ही विद्या महाविद्यालयाच्या दारातच अडली. जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत ती पोहोचली नाही.

ती पोहोचविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. नारळाच्या वीस करवंट्या, शेतातली माती, मूठभर हरभरे आणि एक तांब्या पुरे. राख घातल्याने रोप जोमाने वाढते असे कोणी म्हणाले, तर वीस करवंट्यांत सारखी माती व सारखे पाणी द्यावे, तांब्यात दहा ‘राख’ आणि दहा ‘कोरी’ अशा चिठ्ठ्या टाकाव्यात आणि प्रत्येक करवंटीसाठी एकेक चिठ्ठी काढावी. मुलांच्या मर्जीवर सोडले तर टपोरे हरभरे आणि उन्हातली जागा नकळत राखेच्या वाट्याला जाते आणि मग वाढ राखेची की निवडीची हे सांगता येत नाही. चिठ्ठी ही मर्जी दूर सारते. पंधरा दिवसांनी प्रत्येक रोपाची उंची फूटपट्टीने मोजून दोन्ही गटांची सरासरी काढावी. यात मोजणी, बेरीज, भागाकार, नोंद आणि वाचन सारे आले. याहून मोलाचा पाठ पुढचा आहे. कोणत्याही गटात काहीही न घालता केवळ चिठ्ठ्यांनी दोन गट पाडून तोच प्रयोग करावा. तरीही दोन सरासऱ्यांत थोडा फरक पडतोच. निव्वळ योगायोगाने किती फरक पडू शकतो हे ज्या मुलाने स्वतः मोजले, ते मूल पुढे एका शेतात आलेल्या भरघोस पिकाचे छायाचित्र पाहून महागड्या ‘टॉनिक’ची बाटली सहजासहजी विकत घेणार नाही. एकाला गुण आला म्हणून बाबाच्या अंगाऱ्यामागेही ते धावणार नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणविणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ साली संविधानात लिहिले गेले. त्या दृष्टिकोनासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण द्यावे लागले. भाषणांनी तो जेवढा बाणवता येईल त्याहून अधिक या वीस करवंट्यांनी बाणवता येईल.

या पद्धतीने गरिबांचे किती कल्याण होऊ शकते, याचा दाखला मद्रासने दिला आहे. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्येच ठेवले पाहिजे, घरी तो बरा होणार नाही, अशी १९५०च्या दशकात वैद्यकांची समजूत होती. आणि सॅनेटोरियमच्या खाटा तर मूठभरांनाच मिळत. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात गरीब वस्तीतील रुग्णांची घरी उपचार व सॅनेटोरियम अशी विभागणी यदृच्छ पद्धतीने करण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषधे नियमित मिळाली तर घरीही रुग्ण जवळजवळ तितकेच बरे होतात. तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्या सिन्नरच्या विडी कामगार स्त्रीला आज क्षयाचे औषध घरी बसून घेता येते, त्याच्या मुळाशी तो प्रयोग आहे.

मात्र येथेच एक विसंगती डोळ्यांत भरते. अशा प्रयोगांत गरीब माणूस येतो तो प्रयोगाचा विषय म्हणून. २००१ नंतर मुंबई व बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रमाची चाचणी यदृच्छ पद्धतीने झाली. तिच्यातून मागे पडलेल्या मुलांविषयी उपयुक्त माहिती मिळाली आणि अशा चाचण्यांचे प्रवर्तक अर्थशास्त्रज्ञ २०१९ साली नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. पण त्या वर्गांतील मुलांनी स्वतः काही पडताळून पाहिले नाही. त्यांनाच पडताळून पाहिले गेले. प्रश्न वरच्यांनी विचारावयाचा आणि उत्तरात आपली नोंद व्हावयाची, ही विभागणी समाजवाद्यांना मान्य होण्यासारखी नाही. ज्ञानाच्या साधनांवरही श्रमिकांच्या मुलांची मालकी हवी.

आधी वाचन-लेखन तर येऊ द्या, असा आक्षेप येईल. त्याला अनुभवाने उत्तर दिले आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगनिष्ठ विज्ञान शिक्षण सुरू झाले. त्याच्या पाठ्यपुस्तकात नाणी व फासे टाकून शिकावयाचा, योगायोग आणि संभाव्यता यांवरील धडाही होता. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ साली बंद पडला तो मुलांच्या अपयशामुळे नव्हे, तर राज्य सरकारच्या आदेशाने. युगांडात तर २०१६ साली १२० प्राथमिक शाळांतील दहा हजारांवर मुलांवर याच विषयाच्या शिकवणीची चाचणी झाली. उपचारांविषयीचे दावे कसे तपासावेत हे शिकविलेल्या मुलांपैकी ६९ टक्के मुले कसोटीला उतरली. न शिकविलेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. तेथील गर्दीने भरलेले वर्ग सिन्नरच्या वाडीवस्तीवरील शाळांपेक्षा सुस्थितीत होते असे कोणी म्हणणार नाही.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. विडी कामगाराला किमान वेतन द्यावे की नाही, शाळा वीस पटाखाली गेली म्हणून बंद करावी की नाही, हे चिठ्ठ्यांनी ठरवावयाचे प्रश्न नाहीत. ते न्यायाचे प्रश्न आहेत. ‘आधी प्रयोग करून पाहू’ म्हणत हक्क लांबणीवर टाकणाऱ्या सरकारला शास्त्राची ढाल वापरू देता कामा नये. माणसांवरील प्रयोगाला त्यांची संमती लागते, हेही करवंटीच्या पाठाबरोबरच मुलांना सांगावयास हवे.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून निश्चित होते. शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्या बैठकीत हा विषय मांडावा. शिक्षकावर नवे ओझे लादण्याऐवजी त्याच्यावरील बिगरशैक्षणिक कामे कमी करण्यासाठी त्याच्या बरोबर उभे राहावे. आणि येत्या हंगामात गावच्या शिवारात पीक कापणी प्रयोग होईल तेव्हा चौथी-पाचवीच्या मुलांना वही घेऊन बांधावर न्यावे. शेत कसे निवडले, तुकडा कसा आखला, वजन किती भरले, हे त्यांनी विचारावे आणि टिपून घ्यावे. अधिकाऱ्याला मुलांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल आणि ते उत्तर बांधावर उभे असलेले त्यांचे आईबापही ऐकतील.