नळी खाजगी, पाणी सार्वजनिक

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात वस्तूंचे दोन कप्पे केलेले असतात, खाजगी आणि सार्वजनिक. पाव खाजगी, रस्त्यावरचा दिवा सार्वजनिक. परीक्षेपुरते हे फार सोयीचे आहे. पण घराखालून निघून रस्त्याखालच्या मोठ्या मैलानळाला मिळणारी जी ड्रेनेजची नळी असते, ती कोणत्या कप्प्यात टाकायची? ती घातली घरमालकाने आणि बहुतेक ठिकाणी तिची दुरुस्तीही त्याच्याच माथी. तेव्हा उत्तर सोपे दिसते. माझे म्हणणे असे की ते उत्तर चुकीचे आहे. आणि ते का चुकीचे आहे, हे अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या तळघरांकडे पाहिले की समजते.

विषय घाणीचा आहे हे मान्य. वार्षिकातल्या प्रेमकवितांच्या शेजारी तो शोभणार नाही. असो.

थंड मुलखातल्या घरांना बहुधा तळघर असते. तिथे कपडे धुण्याचे यंत्र असते, घर तापवण्याची भट्टी असते, जुनी ट्रंक असते, कधी एखादा भाडेकरूही असतो. घरातले सर्वांत खालचे मोरीचे तोंडही तिथेच. रस्त्याखालचा मैलानळ तुडुंब भरला की पाणी मागे फिरते आणि ज्या घराचे तोंड सर्वांत खाली, तिथून वर येते. म्हणजे साऱ्या गल्लीचे मैलापाणी एका बिचाऱ्याच्या भट्टीभोवती साचते.

मिलवॉकीने या संकटावर पैसा कमी ओतला नाही. जमिनीखाली खोल खडकात मैलांगणती लांबीचे बोगदे खोदून 1990 च्या दशकात पाणी साठवण्याची सोय केली. तरीही 22 जुलै 2010 च्या पावसात हजारो तळघरांत मैलापाणी शिरले. गंमत अशी की त्या भागात बहुतेक ठिकाणी मैल्याचे नळ वेगळे आणि पावसाच्या पाण्याचे वेगळे आहेत. मग पाऊस मैल्याच्या नळात शिरला कुठून? पुष्कळसा शिरला तो खाजगी नळ्यांतून! जुन्या नळ्या भाजलेल्या मातीच्या, तुकड्याला तुकडा जोडलेल्या. सांधे सैल होतात. ओलाव्याच्या शोधात झाडांची मुळे त्यांत घुसतात. जमीन भिजली की त्या भेगांतून पाणी आत झिरपते. शिवाय जुन्या घरांत पायाभोवतीचे पाणी काढणारी नळीही याच नळीला जोडून दिलेली. एका घराचे पाणी ते किती? पण हजारो घरांचे मिळून नळ भरतो.

यावर उपाय आहे, आणि तो रस्ता न खोदता करता येतो. 1971 साली लंडनमध्ये एरिक वुड नावाच्या इंजिनियरने तो प्रथम करून दाखवला. फेल्टची लांब पिशवी राळेत भिजवायची, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने ती जुन्या नळीत ढकलायची. सदऱ्याची बाही उलटी करावी तशी ती आत उलगडत जाते आणि नळीच्या अंगाला चिकटते. मग गरम पाणी किंवा वाफ सोडून राळ कडक केली की जुन्या नळीच्या आत सांधा नसलेली नवी नळी तयार. पोकळी किंचित कमी होते, पण आतून गुळगुळीत. जी नळी पार कोसळली आहे किंवा जिचा उतारच बिघडला आहे, तिला मात्र अस्तर लावून उपयोग नाही. आणि पायाची नळी वेगळी केल्याशिवाय अस्तराचे अर्धे काम बाकीच राहते.

आता खरा प्रश्न. समजा एका घरमालकाने पदरचे पैसे खर्चून असे अस्तर लावले. त्याचे तळघर वाचेल काय? नाही! त्याच्या तळघरात येणारे पाणी त्याच्या नळीतून गळून आलेले नाही. ते शेजाऱ्यांच्या नळ्यांनी रस्त्याच्या नळात भरलेले पाणी आहे. त्याने आपली गळती बंद केली याचा थोडा थोडा फायदा साऱ्या गल्लीला, आणि खर्च मात्र सगळा त्याचा एकट्याचा. शहाणा माणूस असा व्यवहार करणार नाही. तो आपल्यापुरती उलट्या पाण्याची झडप बसवील. झडपेने त्याचे घर बचावते, हे खरे. पण झडप मिटलेली असताना घरातले स्वतःचे पाणीही बाहेर पडत नाही, आणि अडलेले पाणी शेजारच्या घराचे दार ठोठावते. झडप हा एकट्याचा उपाय आहे, अस्तर हा गल्लीचा. गल्लीच्या उपायाचा खर्च एकेका घरावर टाकला, तर तो उपाय होत नाही, एवढेच.

मिलवॉकीच्या मैलापाणी मंडळाने 2010 नंतर हे ओळखले आणि खाजगी जागेतल्या नळ्यांच्या कामासाठी आपल्या भागातल्या नगरपालिकांना पैसा द्यायला सुरुवात केली. इंग्लंड-वेल्समध्ये तर 1 ऑक्टोबर 2011 पासून अनेक घरांच्या सामाईक खाजगी नळ्या आणि हद्दीबाहेरचा घरजोडणीचा भाग कायद्यानेच पाणी-कंपन्यांकडे गेला. घराच्या हद्दीतली एकट्याची नळी तेवढी मालकाकडे राहिली. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. कुणी म्हणेल, श्रीमंताच्या बंगल्याखालची नळी माझ्या कराच्या पैशाने का? आक्षेप रास्त आहे. पण नळी त्याची असली तरी पाणी वर येते ते बहुधा उताराच्या टोकाला, सखल भागात राहणाऱ्याच्या घरात. करातून दुरुस्त होते ती त्याची मोरी. अर्थात अस्तराने सगळे पाऊस आवरतात असे नव्हे. 2025 च्या ऑगस्टमध्ये मिलवॉकीवर इतका पाऊस कोसळला की पुन्हा तळघरे भरली.

आपल्याकडे तळघरे फारशी नाहीत, पण तळमजला आहे. माझे वडील ज्या इमारतीत वॉचमन आहेत, तिथे चेंबर तुंबले की पहिले पाणी जिन्याखालच्या आमच्या खोलीच्या मोरीतून वर येते. चौथ्या मजल्याला वासही लागत नाही. मग वडील कुणाला तरी बोलावून आणतात, आणि बांबूची पट्टी चालली नाही की तो माणूस झाकण काढून आत उतरायला निघतो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे, आणि तो खाजगी इमारतीलाही लागू आहे. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीतील एका खाजगी सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मेले. काम खाजगी होते. तरी 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी 10 लाख रुपये सरकारने द्यावेत असा आदेश दिला. माणूस मेल्यावर जी जबाबदारी सार्वजनिक ठरते, ती नळी फुटलेली असतानाच का ठरू नये? सोसायटीच्या दुरुस्ती निधीत ड्रेनेजचा वेगळा वाटा हवा, पावसाळ्याआधी नळीत कॅमेरा घालून पाहणी हवी, आणि जुन्या इमारतींना या कामासाठी नगरपालिकेने अर्धा खर्च द्यावा.

यंदाच्या सर्वसाधारण सभेची नोटीस घेऊन घरोघर सह्या आणायला मीच गेलो होतो. विषय पाच आहेत. गच्चीची गळती पहिला, बाहेरचे रंगकाम दुसरा. ड्रेनेज त्यांत नाही. ते निघालेच तर "अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत" निघेल, आणि तोवर चहा आलेला असेल.