गोळ्यांचा हिशेब आणि रक्ताचा हिशेब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. गोव्यात हे प्रमाण ३९ टक्के आहे. देशाच्या सरासरीपेक्षा ते कमी असले, तरी समाधान मानण्याजोगे नाही. कारण २०१५-१६च्या फेरीत ते ३१.३ टक्के होते. गरोदर स्त्रियांमधील प्रमाण तर २६.७ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेले आणि पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके रक्तक्षयाच्या यादीत आली. साक्षरता, उत्पन्न आणि आरोग्यसेवा यांत आघाडीवर असलेल्या राज्यात असे का व्हावे?

या आकड्यांच्या अचूकतेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. सर्वेक्षणाच्या या फेरीत बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब तपासला गेला होता. शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या तुलनेत त्यात चुकीला अधिक वाव असतो. शिरेतील रक्त तपासणाऱ्या २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या बालकांतील रक्तक्षय सुमारे ४१ टक्के आढळला होता. मात्र आकडा कोणताही धरला, तरी दुखणे मोठेच आहे. आणि रक्तक्षय हा एक आजार नसून अनेक बिघाडांचे एकच बाह्यरूप आहे, हा मूळ मुद्दा या वादात मागे पडतो.

निरोगी प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्यांची मागणी नोंदवते ते मूत्रपिंड. रक्तातील प्राणवायू घटला की ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते आणि मज्जेतील काम वेग घेते. पेशींच्या विभाजनासाठी फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात, तर हिमोग्लोबिनसाठी लोह लागते. पेशी पक्व होताना आपले केंद्रक टाकून देते. ती जागा हिमोग्लोबिनला मिळते. पण पुढे स्वतःची डागडुजी करण्याची क्षमता पेशीला उरत नाही. सुमारे १२० दिवस केशवाहिन्यांतून वाट काढल्यावर ती ताठर होते आणि प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी तिला गिळतात. तिच्यातील लोह मात्र वाया जात नाही. नव्या पेशींसाठी रोज लागणारे वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह बहुतांशी या जुन्या पेशींतूनच मिळते; आहारातून शोषले जाते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम.

ही व्यवस्था तीन ठिकाणी कोलमडू शकते. पहिली शक्यता म्हणजे पेशी पुरेशा तयारच होत नाहीत. लोह, फोलेट किंवा बी-१२ अपुरे पडते, दीर्घकालीन संसर्गामुळे साठ्यातील लोह अडकून राहते किंवा मूत्रपिंड निकामी झाल्याने मागणीच नोंदवली जात नाही. काणकोण तालुक्यात मूत्रपिंडविकाराचा प्रश्न जुना आहे. तेथील रुग्णाचा फिकटपणा केवळ पालेभाजीने जाणारा नव्हे. दुसरी शक्यता म्हणजे तयार झालेल्या पेशी अकाली मरतात. सिकलसेलमध्ये १२० दिवसांची पेशी दहा-वीस दिवसांत नष्ट होते. थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवल्याने लोह कमी नव्हे, तर अतिरिक्त होते. तिसरी शक्यता रक्त बाहेर जाण्याची. मासिक पाळीतील अतिस्राव, आतड्यातील जंत, मूळव्याध यांतून रक्ताबरोबर लोहही जाते. हा स्राव थोपवल्याशिवाय दिलेली गोळी म्हणजे गळक्या घागरीत ओतलेले पाणी.

२०१८मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमाच्या आराखड्यात या बाबींचा विचार आहे. लोह-फोलेटच्या गोळ्या आणि जंतनाशकाबरोबरच हिवताप, रक्ताचे आनुवंशिक विकार व फ्लोरोसिस यांचाही त्यात समावेश आहे. पुढे २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलनाची स्वतंत्र मोहीमही सुरू झाली. परंतु आढावा बैठकीत मोजायला सोपी असते ती गोळीच. किती गोळ्या वाटल्या हे कळते. किती पोटात गेल्या आणि गेल्या त्यांनी काय साधले, हे कळत नाही. मळमळ, बद्धकोष्ठ, काळा शौच यांमुळे अनेक स्त्रिया गोळ्या अर्ध्यावर सोडतात. जेवणाला लागून घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो, ही साधी गोष्टही अनेकींना कोणी सांगत नाही.

गोव्याच्या ताटात मासळी आहे, म्हणजे बी-१२ आहे. नाचणीची तिजण आणि तांबडी भाजी आहे, म्हणजे थोडेफार लोहही आहे. भाजीचा तांबडा रंग मात्र लोहाचा नव्हे आणि वनस्पतींतील लोह शरीरात कमीच शोषले जाते. सोबत लिंबू किंवा आवळा असल्यास ते वाढते. शिवाय घरात मासळी शिजते याचा अर्थ ती घरातील प्रत्येकीच्या वाट्याला येते, असा होत नाही.

उपाय खर्चिक नाही. गोळ्या सुरू केल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमने वाढले नाही, तर रुग्णाला पुढील तपासणीसाठी पाठवावे, असे याच कार्यक्रमाचे मार्गदर्शन सांगते. या दुसऱ्या चाचणीची नोंद प्रत्येक आरोग्यकेंद्रात पहिल्या चाचणीइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन वाढले नाही, तिच्यावर ‘गोळ्या घेत नाही’ असा शिक्का मारण्याआधी तिला पाळीविषयी विचारावे, तिचे मूत्रपिंड तपासावे आणि गरज भासल्यास हिमोग्लोबिनचा प्रकार पाहावा. वाटलेल्या गोळ्यांऐवजी वाढलेले हिमोग्लोबिन मोजले जाईल, तेव्हाच पुढच्या सर्वेक्षणात गोव्याचा आकडा खाली येण्याची आशा बाळगता येईल.