सहलीला सगळा वर्ग हवा

सहलींचा हंगाम सुरू झाला आणि या आठवड्यात दोन-तीन पालकांनी शाळेतून आलेली संमतीपत्रं माझ्यापुढं ठेवली. रायगड, महाबळेश्वर, मुंबई, चार मुक्काम, शेवटचा दिवस मौजमजेचा. रक्कम हजारांच्या घरात. आणि वर ठळक अक्षरांत हेतू लिहिलेला : विद्यार्थ्यांचे चारित्र्यसंवर्धन. त्यातला एक बाप शेतमजूर. म्हणाला, "सर, दोन लेकरं एकाच शाळंत. एकाला धाडलं तर दुसऱ्याच्या तोंडाकडं कसं बघावं?" दोन्ही कागद घडी करून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवून दिले. सही त्यानं कशावरच केली नाही.

सहली बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर नियम कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. शाळेला आता बसची कागदपत्रं विचारली जातात, किती मुलांमागं किती शिक्षक हे विचारलं जातं. पण वर्गातली किती मुलं सहलीला गेली आणि किती मागं राहिली, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

सहलीनं स्वभाव घडतो का, याचा एक चांगला पडताळा अमेरिकेत झाला आहे. आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिल या छोट्या गावात 2011 साली क्रिस्टल ब्रिजेस नावाचं कलासंग्रहालय उघडलं. शाळांचे इतके अर्ज आले की सगळ्यांना लगेच बोलावणं शक्य नव्हतं. मग चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली ते आधी गेले, बाकीचे नंतर. संशोधकांना आयतीच तुलना मिळाली. 123 शाळा, जवळपास 11 हजार विद्यार्थी. भेट फार मोठी नव्हती : तासाभराची फेरी, पाचेक चित्रं आणि त्यांवर मुलांशी गप्पा. काही आठवड्यांनी तपासलं, तेव्हा जाऊन आलेली मुलं बारकाईनं विचार करण्यात पुढं होती, जुन्या काळच्या माणसांची बाजू त्यांना अधिक समजत होती आणि आपल्याहून वेगळं मत ऐकून घेण्याची तयारीही त्यांच्यात जास्त होती. सगळ्यात जास्त फरक पडला तो खेड्यातल्या आणि गरीब घरांतल्या मुलांना.

हे वाचताना मला नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली, मुखेड, कंधारची पोरं दिसतात. ज्यांना सहलीचा सर्वाधिक उपयोग, नेमकी तीच आपल्याकडं मागं राहतात. बेंटनव्हिलला बसचं भाडं आणि मुलांचं जेवण संग्रहालयानं दिलं. शिक्षक सहलीला गेल्यावर शाळेत बदली शिक्षक लागतो, त्याचाही खर्च उचलला. तिथं कोण आधी जाणार हे चिठ्ठीनं ठरलं आणि गट गेला तो अख्खा. आपल्याकडं एकाच बाकावरच्या दोघांतलं कोण जाणार, हे बापाचा खिसा ठरवतो. जो मागं राहतो तो चार दिवस अर्ध्या रिकाम्या वर्गात बसतो. आईबाप ऊसतोडीला गेलेलं, आजीजवळ राहिलेलं लेकरू तर सहलीचा कागद घरी नेतच नाही. चारित्र्याची गोष्ट करणाऱ्या शाळेनं त्याला काय शिकवलं?

खर्चाचं कारण मला पटत नाही, कारण बघण्यासारखं आपल्या उशाशीच आहे. धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा घ्या. सकाळी निघालं तर दिवेलागणीच्या आत घरी. हिवाळ्यात त्याचे दरवाजे बंद असतात, पाणी अडलेलं असतं. 1 जुलैला ते उघडावे लागतात आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवावे लागतात. 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाचा 28 फेब्रुवारी 2013 चा तो निकाल आहे. खाली तेलंगणात श्रीरामसागर म्हणजे पोचमपाडचं धरण, आणि आपला बंधारा त्याच्याच फुगवट्यात येतो. दोन राज्यांतल्या पाण्याच्या भांडणाचं मूळ तिथंच.

आठवी-नववीची पोरं त्या बंधाऱ्यावर उभी करा. अर्ध्यांना आपल्या शेतकऱ्याची बाजू मांडायला सांगा, अर्ध्यांना तेलंगणातल्या निजामाबादकडच्या. मग बाजू बदला. बिलोलीत कितीतरी घरांची सोयरीक पलीकडं आहे, आजोळी तेलुगू बोलणारी मुलं वर्गात बसलेली आहेत. त्यांना पलीकडचा माणूस शत्रू वाटणार नाही. पाण्यावरून भांडावं, कोर्टात जावं, निकाल लागला की तो पाळावा, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कितीही वाचलं तरी त्या दरवाजांसमोर उभं राहिल्यावर जसं उमजतं तसं बाकावर उमजत नाही. दुसरा दिवस हाताशी असेल तर देगलूर तालुक्यातलं होट्टल आहे, चालुक्यकाळातली मंदिरं आहेत. कंधारचा किल्ला आणि त्याचा खंदक आहे.

शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. एसटीचा आग्रह मी धरतो, कारण त्या बसमधून अख्खा वर्ग नेणं परवडतं. डबे घरचे. हिशेबाची वही मुलांकडं द्या, पाण्याचे कॅन त्यांनाच भरू द्या, हजेरीही त्यांनीच घ्यावी. रायगड जरूर दाखवा, पण सगळ्यांना नेता येईल त्या वर्षी.

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे : संमतीपत्रं छापण्याआधी वर्गाचा पट समोर ठेवा. त्यातलं एकही नाव पैशापायी गळणार असेल तर ठिकाण बदला. तरीही काही रक्कम कमी पडत असेल तर ती गावाकडं मागा. जत्रेला वर्गणी देणारं आपलं गाव यालाही देईल.