मृत्यूचे कारण लिहा

अमेरिकेत १९०० साली न्यूमोनिया आणि इन्फ्लुएंझा मिळून मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. वर्षाला लाखामागे सुमारे दोनशे माणसे त्यांनी दगावत. १९८० पर्यंत हा आकडा पंचविसाच्या आत आला. असा आलेख आपल्याकडे काढायचा तर सुरुवातीलाच अडते. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. पण इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत देशभरात किती माणसे गेली, याचे अंदाज सुमारे सव्वा कोटी ते दोन कोटी असे हेलकावतात. खेड्यापाड्यांतल्या असंख्य मृत्यूंपुढे नुसते ‘ताप’ एवढेच लिहिलेले होते.

नीट मोजले की काय साधते, हे गडचिरोलीने दाखवून दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे मूल कशाने गेले हे घरच्यांना विचारून ठरवले. न्यूमोनिया हा मोठा मारेकरी निघाला. मग पोट उडणाऱ्या बाळाचे श्वास मोजायला आणि साधे प्रतिजैविक द्यायला गावातल्याच कार्यकर्त्यांना व सुइणींना शिकवले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: पाच वर्षांखालच्या मुलांतले न्यूमोनियाचे मृत्यू शेजारच्या गावांत हजारी १७.५, या गावांत ८.१. इस्पितळ तेवढेच दूर होते. औषध मात्र दाराशी आले होते.

न्यूमोकॉकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली, ही मोठीच गोष्ट. तिने किती जीव वाचवले, हे तालुक्यागणिक सांगता यायला हवे. ते कसे सांगणार? देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी चारांतल्या एकाचेही कारण डॉक्टरांकडून प्रमाणित होत नाही. जिथे होते, तिथेही अनेकदा ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहून मोकळे होतात. हे कारण नव्हे. मरताना प्रत्येकाचीच हृदयक्रिया बंद पडते. फ्लूनंतर न्यूमोनिया होऊन गेलेली सत्तरीची आजी मग ‘वार्धक्या’त जमा होते, आणि तिच्यासाठी लस मागणाऱ्याच्या हाती पुरावा उरत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने रुग्णालयांना मृत्यूचे कारण नोंदवून त्याची प्रत नातेवाइकांना देणे बंधनकारक केले. राज्य सरकारने आता घरी होणाऱ्या मृत्यूंकडे वळावे. आशा सेविकांना लक्षणे विचारून नोंदवण्याचे प्रशिक्षण आणि त्या कामाचा वेगळा मोबदला द्यावा, ती नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासावी आणि तालुकावार आकडे दर वर्षी जाहीर व्हावेत. सुरुवात गडचिरोली, नंदुरबार आणि मेळघाटपासून व्हावी.